मसुरकर सरांच्या टकलावरचं चांदणं

डॉ. सुबोधने वर्गाच्या मागच्या, पोरांच्या दाराच्या हँडलला मलम लावलं. मलमाला ना रंग, ना वास. फक्त जांभळ्या दिव्याखाली ते चमकायचं. पोरं हँडल धरून आत येतील, हात धुतील, आणि दिवे मालवले की धुवायचं राहून गेलेलं सगळं उजळेल, असा बेत. मुलुंडच्या या मेडिकल कॉलेजात त्याची नोकरी तात्पुरती होती. ती कायम करायची की नाही, हे डीन काशीराम मसुरकर आजचा तास बघून ठरवणार होते. त्यांचा हात हँडलला लागू नये म्हणून त्याने फळ्याजवळचं दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं.

पण वर्गात पाठीमागून शिरून सगळं गुपचूप बघायची मसुरकर सरांना भारी हौस. ते पोरांच्याच दाराने आले आणि शेवटच्या बाकावर बसले. सुबोधची नजर गेली तेव्हा ते चष्मा नाकावर सरकवत होते. हँडलचं मलम आता त्या बोटांवर होतं.

पोरांनी बेसिनवर हात धुतले. खोलीत अंधार झाला, जांभळा दिवा लागला.

"आयला," पोरांतला ॲश्टन हळूच म्हणाला.

चाळीस हात अंधारात तरंगत होते. नखांच्या कडेला चांदण्या, बोटांच्या बेचक्यांत चांदण्या. कुणी आभाळच ओंजळी-ओंजळीने वाटून दिलं होतं जणू.

"मी दोनदा धुतले, सर. साबण लावून," तेजल म्हणाली.

"अंगठा बघ तुझा. ट्यूबलाइट," ॲश्टन म्हणाला.

"स्वतःचं बघ रे. तू तर नळाला नुसतं दर्शन देऊन आलायस."

मसुरकर सरांना राहवेना. ते पुढे येऊन दिव्यासमोर उभे राहिले. "बाळांनो, तीस वर्षं मी हॉस्पिटलात चेहऱ्याला हात लावलेला नाही. सवय लागते."

त्यांच्या नाकाच्या दोन्ही बाजू लखलखत होत्या. कानाची पाळी कुड्या घातल्यासारखी चमचमत होती. आणि टकलावर पाची बोटं उमटली होती, लग्नघराच्या भिंतीवर उमटवतात तशी.

कुणी हसलं नाही. हसू यायच्या आधी श्वासच थांबला होता. एवढी शांतता सरांच्या भाषणाला आजवर कधी मिळाली नव्हती. ते भारावले, त्यांनी हनुवटी कुरवाळली. हनुवटीही उजळली.

"चला, निघतो. काल सातव्या महिन्यातच जन्मलेलं बाळ बघायचंय."

आता बोललं तर नोकरी गेली. न बोललं तर ते हात बाळापर्यंत जाणार. "सर," सुबोध म्हणाला, "बाळाला हात लावू नका."

"काय म्हणालात?"

"एकदा आरशात बघा, सर."

सर बेसिनवरच्या आरशासमोर गेले आणि तिथेच थांबले. तेवढ्यात वनमाला मावशी दार ढकलून चहाचा ट्रे घेऊन आत आली.

"अगो बाये, सायबांच्या टकलार चांदणा पडला."

"वनमाला, हात दाखव," सर म्हणाले.

तिने ट्रे ठेवून हात दिव्याखाली धरले. काहीच नाही. भिजल्या कातळासारखे काळेभोर, शांत हात. फक्त कोपरावर एक ठिपका चमकत होता.

"दार मी कोपरान ढकलतंय, सायब. बावीस वर्सां. तुमी डाक्टर लोक हँडल धरतास, ता बघतंय ना मी."

त्या न चमकणाऱ्या हातांकडे सगळे देवळात उभे असल्यासारखे बघत राहिले. मग सरांनी बाह्या वर केल्या. मावशी सांगत गेली, सर धूत गेले: "तळवो, पाठ, बोटांच्ये फटी... अंगठो इसरू नकात."

दुसऱ्यांदा धुतल्यावर दिव्याखाली हात काळे दिसले, एकही चांदणी नाही.

"तुम्हाला मला सांगायची भीती वाटली नाही?" सरांनी सुबोधला विचारलं.

"खूप वाटली, सर."

"हं."

"सर, डोकं पण पुसून देऊ?" तेजलने टॉवेल पुढे केला.

"राहू दे. दुपारी सगळ्या विभागप्रमुखांची मीटिंग आहे. सुबोध, दिवा घेऊन या."

"पण सर, त्या मीटिंगला फक्त कायम नोकरीतलेच येतात."

"म्हणूनच सांगतोय," सर म्हणाले, आणि कोपराने दार ढकलून बाळाकडे गेले.