नारोपंत भेकर आणि पाठ-परवाना

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं. करवंदं होती, वेत होता, नदी होती. फक्त शांतता नव्हती. ती द्यायला नदीपलीकडून गेंडे आले.

त्यांना कुणी बोलावलं होतं का, असं विचारू नका. शांतता देणारे बोलावण्याची वाट पाहत नाहीत.

या जंगलात कोळसुंद्यांचा, म्हणजे रानकुत्र्यांचा, धुमाकूळ होता. सशापासून सांबरापर्यंत कुणाला सुखाने चरता येत नसे. गेंडे म्हणाले, आम्ही त्यांना वठणीवर आणतो. ते आले आणि पहिल्याच दिवशी सशांची बरीचशी बिळं त्यांच्या पायांखाली बुजली. शांततेसाठी थोडं सोसावं लागतं, असं सशांना सांगण्यात आलं. ते गेंडी भाषेत सांगितल्यामुळे सशांना कळलं नाही, आणि कळलं नाही म्हणून त्यांनी हरकतही घेतली नाही.

सशांचं भागलं, कोळसुंद्यांचं भागेना. शत्रूला मधूनमधून धमक्या द्याव्या लागतात. समोरच्याला समजलीच नाही तर धमकी वायाच जाते. गेंड्यांना आधीच डोळ्यांनी कमी दिसतं, त्यात गेंडीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. म्हणून दुभाष्याचा शोध सुरू झाला आणि नारोपंत सापडले.

नारोपंत म्हणजे भेकर. भेकर हे लहानसं हरीण, पण ओरडतं कुत्र्यासारखं. त्यामुळे कोळसुंदी भाषा नारोपंतांना येतच होती. त्यातून त्यांचा जन्म नदीकाठचा. पलीकडचे गेंडे चिखलात लोळायला येत, तेव्हा काठावर चरता चरता ते गेंडीही शिकले होते.

थोरल्या गेंड्याने त्यांना वेताच्या बेटाशी बोलावलं.

"नारोपंत, आमचं काम कर. युद्ध संपलं की तुला आणि तुझ्या बायकोला पाठीवर बसवून पलीकडे नेऊ. तिकडे गवत गुडघाभर आहे आणि कोळसुंदा औषधालासुद्धा नाही."

"शब्द ना, साहेब?"

"गेंड्याचा शब्द."

पाठीवर बसणं का महत्त्वाचं, तेही सांगतो. नदीत मगरी होत्या. भेकर पाण्यात उतरलं की मगरींचं जेवण होई. गेंड्याच्या वाटेला मात्र त्या जात नसत, कारण त्या कातडीपुढे मगरीचे दातही हात टेकत. पलीकडे जायची वाट एकच, गेंड्याच्या पाठीवरून.

नारोपंतांनी होकार दिला. घरी येऊन बायकोला सांगितलं. बायकोचं नाव सगुणा.

"खरं सांगा, काय म्हणाला तो?" सगुणा म्हणाली.

"म्हणाला, पलीकडे नेऊ."

"कधी?"

"संपल्यावर."

"अहो, संपल्यावर त्यांना तुमची गरज राहणार नाही, हे तुम्हाला दोन भाषा येऊन कळलं नाही का?"

नारोपंत हसले. बायकांना राजकारण कळत नाही, असं त्यांना वाटे. असं वाटणारे प्राणी जंगलात पुष्कळ असतात, मुलांनो. त्यातले काही वाचतातही.

काम सुरू झालं. नदीकाठच्या खडकावर दोन्ही बाजू समोरासमोर यायच्या. इकडे थोरला गेंडा, तिकडे कोळसुंद्यांचा म्होरक्या तांबडनाईक. मध्ये नारोपंत. आणि गेंड्याच्या पाठीवर बगळा.

हा बगळा फार महत्त्वाचा. गेंड्यांकडे दप्तर नसतं, बगळा असतो. त्याला गेंडी तेवढी येते. गेंडीत जे कानावर पडेल ते लक्षात ठेवायचं आणि विचारलं की जसंच्या तसं सांगायचं, एवढीच त्याची नोकरी. डोळे मिटून, एका पायावर उभा राहून तो ती करत असे.

पहिल्याच बैठकीत गेंडा गरजला, "सांग त्या कुत्र्याला, तुझी कातडी सोलून तिच्यावर बसेन!"

नारोपंत तांबडनाईकाला म्हणाले, "साहेबांची तुमच्याबरोबर बसायची इच्छा आहे."

तांबडनाईकाने दात विचकले. "त्या चिखलातल्या ढेकळाला सांग, तुझं शिंग उपटून माझी पोरं खेळायला घेतील!"

"नाईकांच्या मुलांना आपल्या शिंगाचं फार कौतुक आहे," नारोपंत गेंड्याला म्हणाले.

गेंडा जरा लाजला. "असं का? बरे दिसतात हे."

हीच नारोपंतांची कारागिरी होती. शब्द या काठावरून त्या काठावर न्यायचा तर वाटेत तो धुऊन घ्यावा, असं ते म्हणत. त्यामुळे पुष्कळ मुडदे पडायचे वाचले. नारोपंतांना त्याचा अभिमान होता, आणि खोटं कशाला बोलू, गेंडे त्यांच्या गोड जिभेची तारीफ करत त्याची चटकही लागली होती.

एकदा मात्र तांबडनाईक गेंड्याशी बोलता बोलता नारोपंतांकडे वळला.

"आणि तू रे, फितुरा! हे जाडे गेले की तुझं आतडं त्या करवंदीच्या जाळीवर वाळत घालीन. तुझ्या बायकोचंही."

"काय म्हणतो?" गेंड्याने विचारलं.

खरं सांगायची हीच वेळ होती. पण सवय मोठी वाईट. "घरच्यांची विचारपूस करतोय, साहेब," ते म्हणाले.

बगळ्याने ते लक्षात ठेवलं.

सगुणेला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "जे आहे ते सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तिथेच लढाई जुंपली असती."

"जुंपली असती तर त्यांची जुंपली असती. आता आपलं आतडं जाळीवर जाणार, आणि त्यांच्या दरबारी ती विचारपूस!"

नारोपंतांच्या धुतलेल्या शब्दांनी व्हायचं तेच झालं. ऐकून ऐकून गेंड्यांची खात्री पटली की कोळसुंदे ही आतिथ्यशील, शिंगांची कदर करणारी जमात आहे. लढाईचा कंटाळा आलाच होता. थोरल्या गेंड्याने जाहीर केलं की शांतता पूर्णपणे देऊन झाली आहे, आणि सर्वांच्या आधी तोच पलीकडे जाऊन चिखलात बसला.

मागे राहिलेल्यांची आवराआवर सुरू झाली. दुभाष्यांसाठी एक खास योजना निघाली : निष्ठावंत दुभाषे पाठ-परवाना. ज्याने निष्ठेने सेवा केली आणि त्या सेवेमुळे ज्याच्या जिवाला धोका आहे, त्याला पाठीवर बसता येईल. निष्ठा आणि धोका दोन्ही अर्जदाराने सिद्ध करायचे. योजना उदार होती. फक्त त्यात कुणी बसू नये, एवढी काळजी घेतलेली होती.

नारोपंत सगुणेला घेऊन नदीच्या उतारावर गेले. तिथे परवाना-गेंडा बसला होता. त्याच्या पाठीवर तोच बगळा.

"भाषा येते?" परवाना-गेंड्याने विचारलं.

"साहेब, तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलतोय मी?"

"उच्चार गावठी आहेत. असो. धोका काय?"

"तांबडनाईक आमची आतडी जाळीवर वाळत घालणार आहे."

"बगळेबुवा, काय आहे आपल्याकडे?"

बगळ्याने एक डोळा उघडला. "सदर तांबडनाईक यांनी अर्जदाराच्या घरच्यांची विचारपूस केली. त्याआधी त्यांच्या मुलांनी शिंगाचं कौतुक केलं. त्याआधी—"

"पुरे. हा तर तुमचा स्नेही दिसतो."

"साहेब, ते मी धुऊन सांगितलं होतं!"

"म्हणजे आमच्याशी खोटं बोललास? मग निष्ठा गेली. खरं बोलला असशील तर धोका गेला. कोणतं लावू?"

नारोपंतांनी बगळ्याकडे पाहिलं. "बगळेबुवा, तुम्ही तिथेच होतात! त्याचे दात पाहिलेत ना?"

"मी ऐकलेलं लक्षात ठेवतो," बगळा म्हणाला. "पाहिलेलं माझ्या खात्यात येत नाही."

सगुणा पुढे झाली. "मग त्या नाईकालाच विचारा. तो बघा, जाळीमागे बसलाय."

तांबडनाईक खरोखरच बसला होता. गेंडे कधी जातात याची वाट पाहत होता. परवाना-गेंडा म्हणाला, "विचार त्याला, तुला मारणार आहे का म्हणून."

नारोपंतांनी विचारलं.

"हो," तांबडनाईक म्हणाला. तो शत्रू होता, पण सरळ होता. "यांची शेपटी पाण्यात गेली की लगेच. आधी तुला, मग तुझ्या बायकोला."

नारोपंतांनी आयुष्यात पहिल्यांदा, एक शब्द न गाळता, एक शब्द न धुता, ते जसंच्या तसं गेंडीत सांगितलं.

"हे पूर्वीच्या बोलण्याशी जुळत नाही," बगळा म्हणाला.

"शिवाय अर्जदाराने स्वतःच्या फायद्याचं भाषांतर स्वतःच केलं," परवाना-गेंडा म्हणाला. "ग्राह्य नाही. नामंजूर. आता एक शेवटचं काम कर. त्याला सांग, जंगल तुमचं तुम्हाला परत दिलं. आमचं इथे आता कुणी नाही."

स्वतःच्या मरणाचं भाषांतर करायची पाळी येते तेव्हा, मुलांनो, दुभाष्याला शब्दांचा खरा उपयोग कळतो. नारोपंतांनी सगुणेकडे पाहिलं. मग जाळीकडे वळून कोळसुंदीत म्हणाले, "साहेब म्हणतात, आम्ही चाललो, पण आमच्यातला सर्वांत रागीट गेंडा वेताच्या बेटात ठेवून चाललो आहोत. नारोपंताच्या केसाला धक्का लावाल तर तो बघून घेईल."

तांबडनाईकाने परवाना-गेंड्याकडे पाहिलं. गेंड्याला काही कळलं नव्हतं, म्हणून त्याने गंभीरपणे मान हलवली. तांबडनाईक पाय मागे घेत जाळीत शिरला. गेंडे नदीत उतरून निघून गेले.

आता वेतात गेंडा हवा होता. तो नव्हता, म्हणून नारोपंत झाले. सकाळ-संध्याकाळ ते वेताच्या बेटात शिरत आणि छाती फुगवून गेंडीत डरकाळी फोडत. "कोण आहे तिकडे? तुडवीन! चिरडीन!" इतकी वर्षं थोपवून धरलेल्या सगळ्या शिव्या ते आता मनसोक्त देत. त्यांची तब्येतही सुधारली. कोळसुंदे बेटाकडे फिरकेनात. थोरल्यांचा शब्द कुचकामी ठरला होता, पण आवाज कामी आला.

पण आवाज नदी ओलांडून जातो. पलीकडच्या काठावर एका गेंड्याने कान टवकारले. मग दुसऱ्याने. मग थोरला गेंडा चिखलातून उठला.

"आपला एक जण मागे राहिला!"

सगळ्या कळपात हाहाकार उडाला. आपला, आपल्या रक्ताचा, एकटा, त्या रानटी जंगलात! कुणी त्याची निष्ठा तपासली नाही. कुणी त्याचा धोका सिद्ध करायला सांगितला नाही. नदीला लोंढा होता, तरी सगळा कळप त्यात घुसला, आणि बगळा सर्वांत पुढच्या पाठीवर बसून आला.

दिवसभर त्यांनी वेत पायदळी तुडवला. गेंडा सापडला नाही. शेवटी नारोपंतच पुढे आले.

"साहेब, इथे गेंडा नाही. तो आवाज माझा होता."

"तुझा?" परवाना-गेंडा फिस्कारला. "इतकी शुद्ध गेंडी? तुझे उच्चार मी तपासलेत. गावठी आहेत."

थोरला गेंडा नारोपंतांच्या नाकाशी नाक आणून म्हणाला, "आम्ही दुःखात आहोत. अशा वेळी थट्टा करू नये. तू कोण?"

"नारोपंत, साहेब."

"आठवत नाही," थोरला गेंडा म्हणाला, आणि कळपाला परत फिरायची खूण केली.

हे सगळं तांबडनाईक टेकाडावरून पाहत होता. त्याला गेंडी येत नव्हती, पण डोळे चांगले होते. वेत भुईसपाट झाला होता आणि त्यात गेंडा नव्हता. त्याने जीभ बाहेर काढली. मागे सगळी टोळी उठून उभी राहिली.

गेंडे एकेक करून पाण्यात उतरू लागले. सर्वांत मागे थोरला गेंडा होता. तो पोटापर्यंत पाण्यात गेला आणि त्याची रुंद पाठ काठाच्या खडकाला येऊन भिडली.

"चला," सगुणा म्हणाली.

"परवाना नाही, सगुणे."

"अहो, पाठ आहे ना!"

"त्याला कळेल!"

"त्या कातडीला आजवर काही कळलंय का?"

टोळी टेकाड उतरली होती. सगुणेने उडी घेतली. पाठोपाठ नारोपंतांनी. खुरं थोरल्या गेंड्याच्या पाठीवर खट् खट् वाजली. गेंडा चालतच राहिला. तांबडनाईक खडकावर येऊन थांबला तोवर मध्ये पाणी होतं, आणि पाण्यात मगरी.

नारोपंतांनी मान वर केली. समोर, त्याच पाठीवर, एका पायावर बगळा उभा होता. त्याचे दोन्ही डोळे उघडे होते.

नदीच्या मध्यावर थोरला गेंडा म्हणाला, "बगळेबुवा, पाठीवर काही आहे का हो? जड वाटतंय."

बगळ्याने नारोपंतांकडे पाहिलं. सगुणेकडे पाहिलं.

"काही ऐकू आलं नाही," तो म्हणाला. आणि डोळे मिटून घेतले.

"मग दुःखाचंच ओझं असणार," थोरला गेंडा म्हणाला.

पलीकडे गवत खरंच गुडघाभर होतं. दाट गवतात दोन भेकरं राहतात, हे आजतागायत तिथे कुणाला दिसलेलं नाही. दरवर्षी गेंडे काठावर जमतात आणि त्या हरवलेल्या गेंड्यासाठी भाषणं करतात. थोरला गेंडा बोलतो तेव्हा सगळ्यांचे डोळे पाणावतात.

पहिल्या वर्षी सगुणेने गवतातून मान काढून विचारलं, "खरं सांगा, काय म्हणतोय तो?"

"म्हणतोय, आम्ही आमच्यासाठी झटणाऱ्याला कधी मागे टाकत नाही."

"न धुता सांगा हो, आता तरी!"

"शब्दन् शब्द हेच म्हणतोय, सगुणे," नारोपंत म्हणाले, आणि चरू लागले.

तात्पर्य : थोरांच्या शब्दावर विसंबू नये, मुलांनो. त्यांच्या कातडीवर विसंबावं. ती कधीच दगा देत नाही.