चार रेघांचं अंतर

रस्त्यावर दोन वाहनांमध्ये सुरक्षित अंतर असावं, ही गोष्ट जगातल्या सर्व सुसंस्कृत माणसांना मान्य असून, ते अंतर दुसऱ्यानं ठेवावं याबद्दलही त्यांच्यात दुमत नाही. या तत्त्वाच्या प्रसारासाठी ज्यांनी हाडाची काडं केली, त्या मास्तरांची ही हकीकत आहे. मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. ते एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे मालक, मुख्य प्रशिक्षक आणि (गाडी एकच असल्यामुळे) एकमेव प्रशिक्षक. शहरातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली गाडी शिकली. उरलेली निम्मी रस्ता जपून ओलांडतात.

मास्तरांच्या अभ्यासक्रमात मुख्य धडा एकच होता: पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत. तेवढं दिसलं की अंतर पुरेसं आहे असं समजावं. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर बूट ठेवून, मास्तर हे दिवसातून शंभरदा सांगत. स्वतः गाडी चालवताना मात्र पुढच्या गाडीच्या मागच्या काचेवर धुळीत बोटानं काय लिहिलंय, ते वाचायला त्यांना आवडे. (डॉक्टर लोक सिगारेट ओढत नाहीत का, असा त्यांचा यावर खुलासा असे.)

मास्तरांची बायको रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. वाहन चालवण्याच्या परीक्षेचा खरा निकाल कुठं लागतो, हे तिला नोकरीतच कळत असे. तीन वर्षांपूर्वी ती दोघं तिच्या मावशीला भेटायला निघाली असताना मास्तरांनी गाडी एक दुधाचा टँकर आणि एक बस यांच्या मधून काढली. जागा होती, हे मास्तरांचं म्हणणं आजही कायम आहे. पुढच्या सिग्नलला बायको शांतपणे खाली उतरली, मागचं दार उघडून मागच्या सीटवर बसली, पट्टा लावला आणि म्हणाली, "आता चालवा." त्या दिवसापासून ती पुढे बसली नाही ती नाहीच.

ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाची बायको मागच्या सीटवर बसते, याचे धंद्यावर व्हायचे ते परिणाम झाले. एकदा बाजारात तिला सोडताना एका गृहस्थानं काचेत डोकावून स्टेशनला जायचे किती घ्याल, असं मास्तरांना विचारलं. मास्तरांनी रागाच्या भरात वाजवीपेक्षा कमी भाडं सांगितलं, त्यामुळे प्रकरण आणखी वाढलं. पण खरं दुखणं ते नव्हतं, आणि खरं दुखणं मास्तर कुणाजवळ बोलत नसत. त्यांना बायको शेजारी हवी होती. पूर्वी प्रवासात ती शेजारी बसून संत्रं सोलायची, बिया काढायची आणि एकेक फोड त्यांच्या हातावर ठेवायची. हल्ली मागच्या सीटवरून संत्रं आख्खं यायचं, सालासकट.

तेव्हा मास्तरांनी हा प्रश्न पुरुषमाणसं सोडवतात तसा सोडवला. म्हणजे स्वतःच्या चालवण्यात सुधारणा करण्याचा मार्ग न चोखाळता त्यांनी नवीन गाडी घेतली. तिच्यात अॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल होता. शोरूममधल्या विक्रेत्यानं सांगितलं, की एकदा वेग ठरवून दिला की गाडी तो आपणहून धरते. पुढे वाहन आलं की आपणहून कमी करते, वाहन गेलं की आपणहून वाढवते. किती अंतर ठेवायचं ते पडद्यावरच्या रेघांनी ठरतं. एक रेघ म्हणजे जवळ, चार रेघा म्हणजे लांब. मास्तरांनी मान डोलावली. बायकोनं मात्र विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारले.

"हे यंत्र कुणी पुढे गेलं तर चिडतं का?"

"नाही मॅडम."

"'आपल्याला काय समजतो हा' असं म्हणतं का?"

विक्रेत्यानं माहितीपुस्तकात बघितल्यासारखं केलं आणि नाही म्हणाला. बायकोनं गाडीला एक फेरी मारली, पुढचं डावं दार उघडलं आणि आत बसून पाहिलं. "हे चालवणार असेल तर मी पुढे बसेन," ती म्हणाली. मास्तरांनी त्याच दिवशी गाडी नक्की केली. रंगाची चौकशीसुद्धा केली नाही. (तो पुढे शेवाळी निघाला.)

पहिली सफर ठरली बायकोच्या भावाकडे. रस्ता मोठा, तीन तासांचा. शहराबाहेर पडल्यावर बायकोनं त्यांच्याकडून चारही रेघा लावून घेतल्या. स्टिअरिंगमागे एक हिरवं चिन्ह उजळलं, जे फक्त चालवणाऱ्याला दिसतं, आणि मास्तरांचे दोन्ही पाय बेकार झाले. उजवा पाय ब्रेकवर अधांतरी तरंगू लागला. डावा पाय या गाडीत नसलेला क्लच तळमळून दाबू लागला. तोंड मात्र सवयीनं चालूच होतं. पुढे ट्रक दिसला की मास्तर "ब्रेक, ब्रेक" म्हणत आणि गाडी खरोखरच ब्रेक लावी. दोनदा तर त्यांच्या तोंडून "शाबास" निघून गेलं. मग त्यांच्या ध्यानात आलं, की इतक्या वर्षांच्या अध्यापनात आपलं शंभर टक्के ऐकणारा हा पहिलाच विद्यार्थी आहे. कुठल्याही शिक्षकाला याचा आनंद झाला असता. मास्तरांना तो विद्यार्थी मठ्ठ वाटला.

कारण चार रेघांचं अंतर म्हणजे रस्त्यावरच्या इतर लोकांच्या भाषेत रिकामी जागा. पहिल्या तासात या जागेत दाखल झालेल्यांचा तपशील पुढीलप्रमाणे: मोटारी एकतीस, दुचाक्या अगणित, विटांनी भरलेला ट्रॅक्टर एक, बँड पथकाचा टेम्पो एक (ढोल बाहेर लोंबकळत), रुग्णवाहिका एक (रिकामी, चालक फोनवर) आणि रोडरोलर एक. (रोडरोलरबद्दल मतभेद आहेत. बायकोच्या मते तो रस्त्याकडेला उभा होता.) प्रत्येक नव्या पाहुण्याला यंत्र त्याच्या वाटणीच्या चार रेघा नव्यानं देई, म्हणजे मास्तरांना मागे घेई. त्या नव्या चार रेघांत आणखी कुणी येई. हिशेब सरळ होता. एक गाडी आली की चार रेघा मागे, अशा रीतीनं पुढे पुढे जात मास्तर संध्याकाळपर्यंत स्वतःच्या घरी पोचले असते.

पण शेजारी संत्रं सोललं जात होतं. बिया काढलेली एक फोड त्यांच्या हातावर आली, मग दुसरी आली. तीन वर्षांनी आलेली ती फोड आंबट होती आणि मास्तरांना फार गोड लागली. थोड्या वेळानं बायकोची मान पट्ट्यावर कलली आणि ती चक्क झोपली. लग्न झाल्यापासून मास्तरांच्या गाडीत तिला कधी झोप लागली नव्हती. डोळे मिटायची ती, पण ते वेगळ्या कारणानं.

आणि नेमका तेव्हाच उजव्या बाजूनं कापडवाला आला. हा मास्तरांचाच माजी विद्यार्थी, कापड दुकानाचा मालक, लायसन्सच्या परीक्षेत तीनदा नापास झालेला. तुम्ही आयुष्यभर रेल्वेनंच फिरा, असा सल्ला मास्तरांनी ज्याला फी परत न करता दिला होता, तोच हा. त्यानं गाडी बरोबरीला आणली, काच खाली केली आणि चेहऱ्यावर खरीखुरी सहानुभूती आणून विचारलं, "मास्तर, बंद पडतेय का गाडी? टोचन करून नेऊ?" मास्तरांनी काच वरच ठेवली. कापडवाल्यानं हात हलवला आणि इंडिकेटर न देता चार रेघांमध्ये प्रवेश केला.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उजवा पाय तिथंच होता, रिकामा. अंगठ्यानं त्यांनी यंत्र बंद केलं, हिरवं चिन्ह विझलं आणि पायानं आपलं काम केलं. बघता बघता कापडवाल्याच्या मागच्या काचेवरची धूळ वाचता येऊ लागली. तेवढ्यात बायकोचे डोळे उघडले. तिचा हात झटकन दारावरच्या दांडीवर गेला.

"काय झालं?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. "यंत्रानंच जरा वेग घेतला."

बायको क्षणभर रस्त्याकडे बघत राहिली. "यंत्रानं घेतला ना? मग असेल काही कारण," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. हात मात्र दांडीवरच राहिला.

मास्तरांनी त्या हाताकडे पाहिलं. बोटं आवळलेली होती. आयुष्यभर ही बोटं अशीच आवळली जात आली आणि आपण समोर बघत होतो, हे त्यांना त्या वेळी कळलं, आणि त्यांना फार वाईट वाटलं. यंत्र पुन्हा सुरू करावं, तर ते सुरू होताना टिंग असा आवाज करतं. म्हणजे मध्ये बंद होतं हे तिला कळणार, आणि मग पुढच्या थांब्यावर ती मागे जाणार. तेव्हा मास्तरांनी पाय उचलला, चार रेघा डोळ्यांनी मोजल्या आणि ते स्वतःच यंत्र झाले.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. यंत्राला हॉर्न वाजवता येत नाही. पुढे घुसणाऱ्याच्या आईवडिलांविषयी यंत्राचं काही मत नसतं. यंत्र सुस्कारा टाकत नाही, कडेच्या गाडीत कोण बसलंय ते वाकून बघत नाही, आणि वळणावर "आता दाखवतो" असं पुटपुटत नाही. मास्तरांनी हे सगळं सोडलं. अस्सलपणासाठी अधूनमधून त्यांनी यंत्रासारखा थोडा खुळा दणका देऊनसुद्धा ब्रेक लावला. लोक घुसत राहिले, मास्तर जागा देत राहिले. एका सायकलवाल्यालाही त्यांनी चार रेघा दिल्या. पुलाच्या अलीकडे कुठंतरी बायकोची बोटं सैल झाली आणि हात दांडीवरून घसरून मांडीवर आला. मास्तरांनी आजवर हजारोंना पास करवलं होतं. त्या पुलाजवळ, कुणी बघत नसताना, ते स्वतः पास झाले.

मेहुण्याच्या घरी चहाबरोबर यंत्राचं कौतुक निघालं. बायको सांगत होती, की काय समजूतदार आहे हो, मध्ये एकदा जरासं बिथरलं, पण नंतरचे दोन तास असं चालवलं की पोटातलं पाणी हललं नाही. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, राग मानू नका, पण हल्ली माणसापेक्षा यंत्र बरं." बायको म्हणाली, "यांच्यापेक्षा तर नक्कीच." सगळे हसले.

मास्तरांच्या जिभेवर शब्द आले होते. ते दोन तास त्यांच्या उभ्या कारकिर्दीतले सर्वोत्तम होते, आणि बोललं की श्रेय त्यांचं होतं. न बोललं तर शेजारची सीट भरलेली राहणार होती. मास्तरांनी कप पुढे केला आणि चहा आणखी आहे का, असं विचारलं.

तेव्हापासून ते यंत्र बंद आहे आणि मास्तर चालू आहेत. निघताना ते बायकोदेखत बटण दाबतात, टिंग वाजू देतात आणि गल्लीच्या तोंडाशीच अंगठ्यानं हळूच बंद करतात. ते सुरू ठेवून चाललं असतं की, असं कुणीही म्हणेल. पण बायकोची झोप दुसऱ्याच्या भरवशावर सोडायला मास्तर आता तयार नाहीत. उघडकीला येण्याची एकच भीती त्यांना आहे. कुणी फार आडवं घुसलं, तर एखाद्या दिवशी पाय आपला जुना स्वभाव दाखवेल, दांडीवर हात जाईल, आणि या वेळी बायको यंत्रावर विश्वास ठेवणार नाही. त्यांचा संसार सध्या त्या चार रेघांवर चालला आहे.

गेल्या रविवारी त्या चार रेघांत तुम्ही घुसलात. नाही कसं म्हणता? पुढची शेवाळी गाडी उगाच जागा सोडून रेंगाळतेय, चालवणारा नवशिका दिसतो, असं तुम्ही घरच्यांना म्हणालातसुद्धा. घुसल्यावर आरशात एकदा बघितलं असतंत, तर ब्रेकवर पाय आणि दातावर दात ठेवून बसलेला एक माणूस दिसला असता आणि त्याच्या शेजारी शांत झोपलेली एक बाई. पण तुमचा इलाज नव्हता. आरसा मास्तर दहाव्या दिवशी शिकवतात, आणि तुम्हाला लायसन्स सातव्याच दिवशी मिळालं होतं.