कोणीच न बसलेली खुर्ची

त्या शहरात विद्यापीठ आठशे वर्षांपासून आहे, त्यामुळे तिथे बसायला जागा मिळणं कठीण आहे. जागा पुष्कळ आहेत; पण प्रत्येक जागेवर कोणीतरी थोर माणूस आधीच बसून गेलेला आहे आणि तसं सांगणारी पितळी पाटी तिथे ठोकलेली आहे. एका महाविद्यालयाच्या बागेतल्या तुतीखाली एका कवीला गांधीलमाशी चावली होती; तिथे आता दोरी बांधली आहे. नदीवरच्या पुलाच्या कठड्याला टेकून एका तत्त्वज्ञाने विचार करणं सोडून दिलं. तिथे टेकायला बंदी आहे. पबमध्ये तर विचारूच नका. ग्लास ठेवायचा म्हटलं तरी कोणाच्या तरी सिद्धान्तावर ठेवावा लागतो.

म्हणून मॉरिस टेबट 'लंगडा हंस' नावाच्या पबमध्ये खिडकीजवळच्या खुर्चीवर बसत असे. त्याने उभा जन्म विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात काच फुंकून नळ्या आणि चंबू बनवण्यात घालवला होता. निवृत्तीनंतर रोज दुपारी तो आणि त्याची बायको आयरिस त्या खिडकीशी समोरासमोर बसून एकमेकांशी फारसं काही बोलत नसत. आयरिस गेल्यावर तिच्या खुर्चीवर तो आपली टोपी ठेवू लागला. बाकी काही बदललं नाही.

एका दुपारी कॅनडाची एक पर्यटक बाई पाय ओढत आत आली.

"इथे कोण बसायचं?" तिने विचारलं.

"मी," मॉरिस म्हणाला.

"नाही, म्हणजे थोर असं कोणी?"

"कोणीच नाही. एकदा एक नोबेलवाला आला होता. पण खुर्ची डुगडुगते हे त्याने बसायच्या आधीच ओळखलं आणि पलीकडे गेला."

बाईचे डोळे भरून आले. सकाळपासून तिने थोर माणसांशिवाय काहीही पाहिलेलं नव्हतं. तिने खुर्चीचा फोटो काढला आणि इंटरनेटवर टाकला: 'या शहरातली अशी एकमेव खुर्ची, जिच्यावर कोणीही बसलेलं नाही.'

पुढच्या आठवड्यात पबबाहेर रांग लागली. मालकीण ग्वेन खूश झाली.

"अरे मॉरिस, तू एवढा उपयोगाचा आहेस हे इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस, बाई," मॉरिस म्हणाला.

मग शहराच्या वारसा समितीला जाग आली. समितीच्या सचिव डॉ. प्रुडन्स ऑकेंडन स्वतः पाहणीला आल्या. एखादी गोष्ट घडली हे सिद्ध करणं सोपं असतं, घडली नाही हे सिद्ध करणं अवघड असतं, हे त्यांनी ग्वेनला नीट समजावलं आणि ते काम हाती घेतलं. उन्हाळाभर समितीने हयात आणि दिवंगत थोरांची छाननी केली. एका माजी कुलगुरूंनी आपण त्या खुर्चीवर बसल्याचा दावा केला; चौकशीअंती ते नुसते टेकले होते असं निष्पन्न झालं. पाहणीत कोणीतरी खुर्चीच्या पायाखाली कागदाची घडी सारली होती, ती काढून खुर्चीचं डुगडुगणं पूर्ववत करण्यात आलं. शेवटी पाटी लागली: 'या खुर्चीवर आजपर्यंत कोणीही बसलेले नाही.'

मॉरिसने पाटी दोनदा वाचली.

"मी बसतो ना."

"म्हणूनच तर," डॉ. ऑकेंडन प्रेमाने म्हणाल्या.

पाटीच्या समारंभाला वर्तमानपत्रवाले आले. रिकाम्या खुर्चीचा फोटो चांगला येईना, म्हणून त्यांनी मॉरिसला बसवलं. फोटो पहिल्या पानावर आला. दुसऱ्या दिवशी मॉरिस नेहमीसारखा आला, तर खुर्चीसमोर दोरी होती आणि दोरीशेजारी डॉ. ऑकेंडन.

"टेबटसाहेब, एक अडचण झाली आहे. तुम्ही आता प्रसिद्ध झाला आहात. तुम्ही बसलात तर खुर्ची बिघडेल."

"मी तर कालही बसलो होतो."

"काल तुम्ही कोणी नव्हतात."

मॉरिसने आयरिसच्या खुर्चीकडे पाहिलं. तीही दोरीच्या आतच होती. टोपी हातात घेऊन तो महाविद्यालयाच्या बागेत गेला. तिथल्या हिरवळीवर फक्त प्राध्यापकांना चालता येतं आणि बाकांवर फक्त दिवंगतांची नावं असतात. एका बाकाच्या टोकावर तो बसला, तर तिघांनी त्याला ओळखलं आणि चौथ्याने त्याच्यासोबत फोटो काढून घेतला.

ग्वेनला ते बघवेना. "तू कोणी नाहीस हे सांग ना त्यांना जाऊन," ती म्हणाली. "मी देते साक्ष. खरंच सांगते, मॉरिस, तुझ्यात काहीसुद्धा विशेष नाही."

"तुझं मन मोठं आहे," मॉरिस म्हणाला.

समितीने रीतसर सुनावणी ठेवली. ग्वेनची साक्ष परिणामकारक झाली, पण निकाल लागला तो प्राध्यापक लॅथबरींमुळे. ज्या प्रयोगासाठी त्यांना जगभर मान मिळाला, त्याची गुंतागुंतीची काचेची नळी मॉरिसने सहा वेळा फुटल्यावर सातव्यांदा जमवून दिली होती.

"या गृहस्थांना ओळखता?" डॉ. ऑकेंडननी विचारलं.

लॅथबरींनी चष्मा पुसून पाहिलं. "नाही."

"नळी आठवते?"

"अर्थात. अप्रतिम नळी. ती कोणी बनवली, हा प्रश्न मात्र कधी उद्भवला नाही."

सभागृहात समाधानाची कुजबुज झाली. मॉरिसने टोपीची कड बराच वेळ बोटांनी सरळ केली. समितीने एकमताने ठरवलं की मॉरिस टेबट हे कोणीही नाहीत आणि त्यांना खुर्चीवर बसण्याचा पूर्ण अधिकार आहे.

तो अधिकार एक रात्र टिकला. सकाळी देशभरच्या बातम्यांत एकच बातमी होती: कोणीही नाही असं अधिकृतपणे सिद्ध झालेला देशातला पहिला माणूस. दुपारपर्यंत त्याच्या दारात जपानी दूरचित्रवाणीची गाडी उभी होती. डॉ. ऑकेंडननी फोनवर मनापासून दिलगिरी व्यक्त केली.

हल्ली मॉरिस रस्त्यापलीकडच्या पबमध्ये बसतो. तिथे विश्वाचं वय शोधून काढणाऱ्या एका शास्त्रज्ञाची जगप्रसिद्ध खुर्ची आहे. पाटी आहे, अर्धपुतळाही आहे. पण तिकडे आता कोणी फिरकत नाही. मालक म्हणाला, "बसा, काका. कोणाला कळणारसुद्धा नाही." मॉरिसने टोपी पुतळ्याच्या डोक्यावर ठेवली. खुर्ची डुगडुगत नाही, एवढीच काय ती गैरसोय.

'लंगडा हंस'ची खुर्ची मात्र समितीने लोकांसाठी खुली केली आहे. आयुष्यात उल्लेखनीय काहीही न केलेल्या कोणालाही तिच्यावर बसून फोटो काढता येतो. रांग नदीपर्यंत जाते. तिकडे गेलात तर रांगेत जरूर उभे राहा. दोरीपाशी डॉ. ऑकेंडन स्वतः उभ्या असतात आणि प्रत्येकाची पात्रता तपासतात. पण घाबरू नका, विचारत काही नाहीत. चेहऱ्याकडे एकदा बघतात आणि दोरी बाजूला करतात.