सिदोजी पंचाळांनीं पंतांस पुली ऐकविली त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनीस दंडवत घालोन लेखणी उचलिली. शके अठराशें पंचावन्न, श्रीमुखनाम संवत्सर, वैशाखमासीं एका लहान संस्थानच्या राजाची मोटार किंचाळों लागली. राजाच्या मातोश्री आईसाहेबांस घाट चढोन नातवाचे बारशास जाणें होतें, आणि कारभारी नागोपंत बोलिले कीं मोटार घाटांत बसली तर सिदोजी पंचाळांनीं मोटारखान्याच्या किल्ल्या खालीं ठेवाव्या. सिदोजी तीस वर्षें चाकरी केलेले मिस्त्री. त्यांनीं मिशी खालीं उतरूं दिली नाहीं. मग पंतांनीं इंजिनाचा पट्टा काढविला आणि पट्ट्याच्या तिन्ही पुल्या स्वहस्तें फिरविल्या. दोन दमानें फिरोन थांबल्या, तिसरी भिरभिर फिरतच राहिली. पंत प्रसन्न होवोन वदले कीं हीच निरोगी, बाकी दोहोंचीं बेअरिंगें बदला. तेव्हां सिदोजी अदबीनें बोलिले, "पंत, जी फार फिरते तिचंच वंगण आटलंय. भरलेलं बेअरिंग जड फिरतं, अन् मुकं फिरतं." पंतांनीं तें हांसण्यावारी नेलें. मग सिदोजींनीं पट्टा चढवोन इंजिन चालू केलें, लांब पेचकसाचें टोंक त्या तिसऱ्या पुलीच्या बोल्टावर टेंकविलें, आणि मूठ कानास लावावी ऐसी आईसाहेबांस विनंति केली. आईसाहेबांनीं पदर सावरोन कान दिला, तों आंत जात्यांत खडे भरडल्याचा नाद. हुकूम जाला कीं सिदोजी म्हणतील तैसें करावें.

मग बेअरिंग उघडिलें, तों छर्रे खरवडलेले. नुसतें ग्रीस भरोन भागण्यासारखें नव्हतें. सिदोजींनीं पेटींतून फडक्यांत जपलेलें नवें काढिलें, आणि त्यावर जुनेंच उपडें धरोन, हातोडीनें कडेकडेनें हलके ठोकीत पुलींत बसविलें. पंत कुजबुजले कीं नव्याचे डोकीवर जुनें आपटणें ही कोठली विद्या. सिदोजी ठोकतां ठोकतां बोलिले, "घाव जुन्यानं सोसायचा, पंत; नव्याच्या छर्र्यांना लागूं द्यायचा नाहीं."

दुसरे दिवशीं मोटार एका दमांत घाटमाथां पोंहचली. आईसाहेबांनीं तेथेंच इंजिन चालूं ठेवोन पेचकस मागविला आणि पंतांस कान लावावयास सांगितलें. पंत धुळींत ओणवे जाले, बहुत वेळ ऐकत राहिले, आणि बोलिले, "कांहींच ऐकूं येत नाहीं."

सिदोजी मिशीस पीळ देत बोलिले, "तेंच ऐकायचं असतं, पंत."

एवं किल्ल्या सिदोजींचे कमरेसच राहिल्या, आणि त्या सालचे दसऱ्यास राजाचे तलवारीशेजारीं पेचकसासही हळदकुंकू वाहिलें.