शेंडेकाकांचे सात खडे

सडक अर्जुनीत माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. बल्ब घ्यायला येणारी माणसं साधारणपणे बल्ब मागतात. शेंडेकाका आधी काउंटर पुसायला सांगत. मग कागदाची पुडी सोडून मूठभर तांदूळ त्यावर पसरत, डोळ्यांवरचा चष्मा काढून खिशात ठेवत, दुसऱ्या खिशातून दुसराच चष्मा काढून लावत आणि म्हणत, “लावा आता.”

मी दिवा लावायचा. काका वाकून तांदळातले खडे शोधायचे. खडे नेमके सात, त्यांनी स्वतःच घरून मोजून घातलेले. सातही सापडले तर दिवा पास. सापडले नाहीत तर, “हा नाई चालत. दुसरा काढा.”

असे अकरा एलईडी दिवे नापास झाले. माझा स्वभाव मुळात तापट. त्यात काकांच्या तांदळामुळे बाकीची गिऱ्हाइकं दारात खोळंबायची.

काकांची तीस वर्षं राइस मिलमध्ये तांदूळ पारखण्यात गेली. पोत्यातला नमुना तळहातावर घेतला की कणी किती, खडा किती, हे ते एका नजरेत सांगत. निवृत्त झाले तरी नजर काही निवृत्त झाली नाही. लग्नाच्या पंगतीत वरण येईपर्यंत ते ताटातला भात बोटानं पसरून पाहत आणि वाढणारे कसनुसे होत. कशावरही झटकन मत द्यायचं नाही, हा त्यांचा बाणा. मत मागायला आलेला उमेदवार असो की औषध लिहून देणारा डॉक्टर, दोघांनाही एकच उत्तर मिळे, “पाहून घेऊ, मंग बोलू.”

एकदा नागपूरहून एका कंपनीचा माणूस माझ्या दुकानात आला होता. तो लुमेन, वॅट, आयुष्य पंचवीस हजार तास असं भरभर सांगत होता. काकांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “किती लुमेनमंदी खडा दिसते?” त्या माणसानं माहितीपुस्तक दोनदा चाळलं. त्यात खड्याचा उल्लेख नव्हता.

दिवे हवे होते तळघरासाठी. आता काकांनी तळघर काही बांधलं नव्हतं, ते त्यांच्या वाट्याला आलं होतं. घर बांधलं तेव्हा तीन पायऱ्या चढून आत जावं लागे. पुढे महामार्ग चौपदरी झाला, पुलासाठी भराव पडला, आणि रस्ता वर वर जात काकांच्या खिडकीच्याही वर गेला. काकांनी वर एक मजला चढवला. जुनी खोली आणि स्वयंपाकघर खाली राहिलं, नऊ पायऱ्या उतरून. भर दुपारीही तिथे संध्याकाळ असायची.

“मंग वरतीच राहा ना,” मी म्हणालो.

“आमची बाई वरती याले तयार नाई. खालीच रायतो म्हनते.” काकांनी काउंटरवरचे तांदूळ पुडीत भरले. “डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सूपही हातात घेत नाई. विचारलं काऊन, त म्हनते अंधार हाये, खडा दिसत नाई. उजेड झाला का निवडीन म्हनते.”

तर सगळी लढाई एवढ्यासाठी होती. काकूंनी पुन्हा सूप हातात घ्यावं. या घरात काका बाहेर तांदूळ पारखायचे आणि काकू घरात निवडायच्या, आणि रोज संध्याकाळी कोणाला किती खडे सापडले यावर दोघांची हुज्जत चालायची. ती हुज्जत बंद पडली होती.

हे कळल्यावर माझा राग निवळला. पण एक गोष्ट अजून डोक्यात जात होती. तो दुसरा चष्मा. जाड काचांचा, एका काडीला लाल दोरा गुंडाळलेला. तो लावला की काका तांदळाच्या जागी काउंटरची कडा चाचपू लागत.

“काका, तुमचा आधीचाच चष्मा लावून पाहा ना.”

“नाई. हाच लागते.”

शेवटी चार पांढऱ्या एलईडी पट्ट्या एकदम लावल्या तेव्हा कसेबसे सातही खडे सापडले. काकांनी घाम पुसला आणि म्हणाले, “द्या.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शिडी घेऊन त्यांच्याकडे गेलो. पट्ट्या बसवल्या, बटण दाबलं. खोली लख्ख झाली. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीची काच चमकली.

काकू सूप घेऊन खाली बसल्या. “माहा चष्मा वापस द्या,” त्या म्हणाल्या. “महिनाभर झाला, कुठी नेऊन राहिले तुमी?”

काकांनी खिशातून लाल दोऱ्याचा चष्मा काढून दिला.

मी शिडीवर तसाच थांबलो. बायकोचा चष्मा लावला की बायकोला जसं दिसतं तसं आपल्याला दिसेल, असा या माणसाचा हिशोब होता. तसं होत नसतं, हे मी सांगू शकलो असतो. माझ्याच्यानं सांगवलं नाही.

काकू तांदळावर हात फिरवू लागल्या. पहिला खडा त्यांच्या बोटाशेजारून निघून गेला. दुसराही. काका समोर उकिडवे बसले होते. त्यांनी एक बोट पुढे केलं आणि खडा अलगद काकूंच्या बोटाखाली सरकवला. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा.

“सात,” काकू म्हणाल्या.

“सात,” काका म्हणाले. “पास झाले दिवे, भाऊ.” आणि मीटर पाहून येतो म्हणत घाईघाईनं नऊ पायऱ्या चढून वर गेले.

त्यांची पावलं लांब गेल्यावर काकूंनी मान वर केली. “भाऊ, हे लाइट पांढरे हायेत का पिवळे?”

“पांढरे, काकू.”

“बरं झालं. त्याइले पांढरेच आवडतेत.” त्या सुपातले तांदूळ हळूहळू सारखे करत राहिल्या. “त्याइले काई सांगू नका. नाई त पुन्हा तुमच्या दुकानात येऊन बसतीन. अन् मिलच्या तांदळात आता खडे कुठी रायतेत जी? मले काय समजत नाई का?”

वायरचा एक तुकडा उगाच गुंडाळत मी तोंड फिरवलं. तेवढ्यात काका खाली आले आणि म्हणाले, “काय म्हनते बाई?”

“दिसते म्हणाल्या,” मी म्हणालो.

काका अजूनही दुकानात येतात, पण तांदूळ आणत नाहीत. सकाळी दुकान उघडताना मला ते रस्त्याच्या कडेला दिसतात. भरावापाशी गिट्टीचा ढीग पडलाय, तिथे वाकून ते तांदळाएवढे खडे निवडत असतात. तीस वर्षं खडे बाहेर काढलेला हा माणूस आता ते एकेक करून शर्टाच्या खिशात टाकतो. सात झाले की घरी जातो. तेव्हा डोळ्यांवर त्यांचा स्वतःचा चष्मा असतो.