तीन हातांची बरणी

"छत्री म्हणजे काय, हे छत्री कधीच न पाहिलेल्या माणसाला समजावून सांगा," मॅडम म्हणाल्या, आणि सगळा वर्ग वह्यांत डोकं घालून बसला.

शेवटी पहिल्या बाकावरची मुलगी उठली. तिच्या हातात कायम मोजमापाचं कॅलिपर असायचं, म्हणून सगळा वर्ग तिला कॅलिपरच म्हणायचा. तिनं घसा खाकरला. "आकृती एकमध्ये दाखवल्याप्रमाणे..."

"आकृती कुठंय?"

"काढायचीय अजून, मॅडम."

मॅडमनी कपाळाला हात लावला. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला डिझाइन शिकणारी ही मुलं. यंत्राच्या पोटातलं सगळं त्यांना दिसायचं, समोर बसलेला माणूस तेवढा दिसत नसे. आठवड्यातून तीन तास त्यांना संवादकौशल्य शिकवता शिकवता मॅडमच्या नाकी नऊ आले होते. मागच्या महिन्यात त्यांनी मुलांना बागेत पाठवलं होतं, की एखाद्या अनोळखी माणसाशी बोला, त्याची अडचण समजून घ्या. मुलं बागेतल्या बाकाची उंची मोजून परत आली. बाकावर एक गृहस्थ बसले होते, त्यांना पाय जरा वर घ्यायला सांगितलं होतं, झालं ते संभाषण एवढंच. आणि शेवटच्या बाकावरचा तो उंच मुलगा तर वर्षभरात 'हं'च्या पुढे गेलाच नव्हता. त्याला हुंकार म्हणत.

त्याच दुपारी विभागप्रमुखांनी मॅडमना बोलावलं.

"तीन आठवड्यांनी बाहेरचे परीक्षक येताहेत. तुमच्या मुलांनी एखाद्या साध्या माणसाशी बोलायचं, त्याच्या अडचणीवर काहीतरी बनवायचं आणि ते सगळ्यांना कळेल अशा भाषेत सांगायचं. गट मी चिठ्ठ्या टाकून निवडलाय."

मॅडमनी यादी पाहिली. चार नावं होती. कॅलिपर होती, हुंकार होता, आणि उरलेले दोघं हुंकारला वाचाळ समजत.

"आणि नाही जमलं तर, सर?"

"तर तुमचे तीन तास वेल्डिंगच्या कार्यशाळेला देऊ. तिथं निदान काहीतरी तयार होतं."

मॅडमची नेमणूक हंगामी होती. तास गेले की पाठोपाठ त्याही जाणार, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी घरी मॅडम उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसल्या असताना सासूबाईंची हाक आली, "अगं, जरा ही बरणी उघडून दे."

हे रोजचंच होतं. मॅडम नजर न उचलता हात पुढे करायच्या, झाकण फिरवायच्या, बरणी परत द्यायच्या. आज मात्र त्यांचा हात हवेतच थांबला. साधा माणूस, खरी अडचण, आणि तीही घरातल्या घरात!

"आई, उद्या कॉलेजात याल माझ्याबरोबर?"

"मी? मी काय करू तिथं?"

"मुलांना सांगायचं, झाकण उघडत नाही म्हणून."

सासूबाईंनी बरणीकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. "येते की," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ऐकण्याचे नियम फळ्यावर लिहिले. मध्ये बोलायचं नाही. आपलं मत सांगायचं नाही. समोरच्याचं म्हणणं त्याला परत विचारून खात्री करून घ्यायची. मुलांनी ते नियम यंत्राच्या माहितीपुस्तिकेसारखे घेतले. त्यात सांगितलंय म्हणजे स्क्रू तेवढाच पिळायचा, ना कमी ना जास्त.

"झाकण उघडत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का, की झाकण उघडत नाही?" कॅलिपरनं विचारलं.

"हो."

"म्हणजे तुम्हाला 'हो' म्हणायचंय का?"

"अगं मुली, तुला ऐकायला कमी येतं का?"

"हं," हुंकार म्हणाला.

मॅडमना राहवेना. "अरे, असं काय करताय? त्यांना विचारा ना, कधीपासून उघडत नाही..."

कॅलिपरनं शांतपणे एक कागद पुढे केला. "मॅडम, तुमच्याच टिपणात आहे. पान सात. मुलाखतीच्या वेळी घरची माणसं खोलीत असू नयेत."

मॅडम स्वतःच्याच पान सातमुळे बाहेर गेल्या आणि दाराच्या काचेतून पाहत राहिल्या. पहिली दहा मिनिटं सासूबाई वैतागलेल्या दिसल्या. मग त्या हातवारे करायला लागल्या, मग हसल्या, मग चष्मा काढून पुसला. मुलं मान हलवत होती. दोन तास झाले तरी कुणी त्यांना थांबवलं नाही.

"एवढं काय बोललात, आई?" परतीच्या वाटेवर त्यांनी विचारलं.

"ते गुप्त आहे. मुलांनी सही करून दिलंय मला."

त्या दिवसापासून घरात एक छोटी वही अवतरली. मॅडमनी बरणी उघडून दिली की सासूबाई घड्याळाकडे बघायच्या आणि वहीत काहीतरी लिहायच्या. काय लिहिता विचारलं तर "काही नाही, नोंद," म्हणायच्या. इकडे मुलंही तोंडाला कुलूप लावून बसली होती. तालीम दाखवा म्हटलं की, "आजींची परवानगी नाही, मॅडम." नोकरी जाणार या विचारानं मॅडमना जेवण जाईना, आणि ज्यांच्या हातात ती नोकरी होती ती पोरं कार्यशाळेत काहीतरी घासत बसलेली असायची.

परीक्षक येण्याचा शुक्रवार उजाडला. सभागृहात पहिल्या रांगेत परीक्षक, त्यांच्याशेजारी विभागप्रमुख, आणि दोन खुर्च्या सोडून ठेवणीतले कपडे घातलेल्या सासूबाई. मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. व्यासपीठावर हुंकार चढला तेव्हा त्यांनी डोळेच मिटून घेतले. संपलं सगळं, असं त्यांना वाटलं.

"नमस्कार," हुंकार म्हणाला. "या आजींना साखरेच्या बरणीचं झाकण उघडत नाही, असं आम्हाला सांगितलं गेलं. आम्ही त्यांच्या हाताची ताकद मोजली. ती आमच्या चौघांपेक्षा जास्त भरली."

सभागृहात हसू उमटलं. मॅडमनी एक डोळा उघडला.

"म्हणजे झाकण त्यांना उघडतं. मग त्या हाक का मारतात? एवढं आम्ही विचारलं, आणि मग दोन तास काहीच विचारलं नाही."

मॅडमनी दुसराही डोळा उघडला. काय बोलत होता मुलगा! एक शब्द जड नाही, कुठे अडखळणं नाही. त्यांचा ऊर भरून आला. तो बरोबर अर्धं मिनिट भरलेला राहिला, कारण तेवढ्यात पडद्यावर तक्ता आला. वर लिहिलं होतं, "'स'ची संध्याकाळ".

"ओळख लपवण्यासाठी आजींच्या सुनेला आपण 'स' म्हणू. आजींच्या वहीत अठरा दिवसांच्या नोंदी आहेत. 'स' संध्याकाळभरात आजींशी सरासरी एकोणीस शब्द बोलते. त्यातले अकरा 'हं' असतात. 'हं'ला शब्द धरायचं का, यावर गटात वाद झाला. मी धरावा म्हणत होतो." त्यानं पुढचं चित्र लावलं. "झाकण उघडताना 'स' जवळ येते. दर वेळी नऊ सेकंद. त्याआधी आजींनी चष्मा सापडत नाही, असंही सांगून पाहिलं होतं. ते तीन दिवस चाललं. मग 'स'नं चष्म्याला दोरी आणून दिली."

त्या दोरीचं मॅडमना तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं! आता धरणीनं पोटात घ्यावं, असं त्यांना झालं. वर्षभर ज्याच्या तोंडून एक वाक्य निघावं म्हणून त्या झुरल्या, त्यानं आता 'आकृती एक' म्हणून गप्प बसावं, अशी त्या मनोमन प्रार्थना करत होत्या. त्या हळूच दाराकडे सरकल्या.

"अगं, उभी कशाला?" सासूबाई मागे वळून खणखणीत आवाजात म्हणाल्या. "इकडे ये ना, जागा आहे."

सगळं सभागृह वळून बघायला लागलं. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "ही 'स' करते काय?" त्यांनी हुंकारला विचारलं.

हुंकारनं मॅडमकडे पाहिलं. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं, हेही त्यांनीच शिकवलेलं होतं.

"संवादकौशल्य शिकवते, सर."

कुणी हसलं नाही, त्यामुळे ते जास्तच वाईट झालं. विभागप्रमुखांनी घाईनं विषय बदलला. "ते असू द्या. झाकण उघडायचं यंत्र कुठंय?"

"यंत्र नाही, सर," कॅलिपर पुढे आली आणि तिनं टेबलावर एक बरणी ठेवली. "झाकणच नवीन केलंय. दोन्ही बाजूंच्या कळा दाबून धरायच्या आणि त्याच वेळी झाकण फिरवायचं. तीन हात लागतात."

"पण माणसाला दोन असतात!"

"हो सर. आकृती एकमध्ये दाखवल्याप्रमाणे."

या वेळी आकृती होती. एक बरणी, आणि तिच्याभोवती दोन बायका.

परीक्षकांनी बरणी एकट्यानं उघडून पाहिली. काखेत धरली, हनुवटीनं दाबली, तरी ती हलेना. शेवटी त्यांनी विभागप्रमुखांना बोलावलं. "तुम्ही कळा धरा. अहो, दाबा, ओढू नका!" अशी बरीच देवाणघेवाण होऊन झाकण निघालं. परीक्षकांनी बरणी टेबलावर ठेवली.

"या मुलांना असं ऐकायला आणि बोलायला कुणी शिकवलं?"

हुंकारनं मॅडमकडे हात केला. "त्यांनीच, सर."

निकाल तिथल्या तिथे लागला. हा विषय बंद होणं शक्य नाही, उलट पुढच्या वर्षी तीनाचे सहा तास करा, असं परीक्षकांनी लिहून दिलं. विभागप्रमुखांनी मॅडमचं अभिनंदन केलं, सहकाऱ्यांनी केलं, आणि प्रत्येकजण हात मिळवताना जरा दयेनंच बघत होता. नोकरी वाचली होती. तोंड दाखवायला जागा तेवढी उरली नव्हती.

सासूबाई रिक्षानं आधीच घरी पोचल्या होत्या. मॅडम उशिरा आल्या, पिशवी टाकली आणि चहाचं आधण ठेवलं. चहापत्तीचा डबा जागेवर नव्हता. चहापत्ती त्या नव्या बरणीत भरलेली होती.

त्यांनी बरणी काखेत धरली, गुडघ्यात धरली, दाराच्या फटीत अडकवून पाहिली. पाणी उकळून निम्मं झालं. आतल्या खोलीत सासूबाई वर्तमानपत्र वाचत होत्या, पान उलटल्याचा आवाज येत होता. फळाभर नियम लिहिणाऱ्या मॅडमना हाक कशी मारावी, ते सुचेना.

"आई," त्या शेवटी म्हणाल्या, "जरा येता का?"

पावलं सावकाश आली. सासूबाई दारात उभ्या राहिल्या. चष्मा दोरीनं गळ्यात लटकत होता.

"म्हणजे तुला असं म्हणायचंय का," त्यांनी विचारलं, "की झाकण उघडत नाही?"

"हं," मॅडमच्या तोंडून गेलं.

सासूबाईंचा हात वहीकडे गेला.

"नाही, थांबा, लिहू नका!" मॅडम घाईनं म्हणाल्या. "झाकण तर नाहीच उघडत, पण... आजचा दिवस फार वाईट गेला हो, आई."

सासूबाईंनी वही फडताळात टाकली आणि बरणी पुढे ओढून दोन्ही हातांनी दोन्ही कळा दाबून धरल्या.

"फिरव," त्या म्हणाल्या. "सावकाश फिरव. मला काही घाई नाही."