ठिपकेवाल्यांची हजेरी

कीटक खात्यातल्या अधिकाऱ्याने सकाळी सकाळी बायकोकडे नेलपॉलिशची बाटली मागितली, तेव्हा तिने डोळे बारीक केले.

"कोणासाठी?"

"पन्नास जणांसाठी. अगं, भुंगेरे आहेत ते!"

गल्लीतल्या अकरा निलगिरींवर परदेशातून आलेले भुंगेरे बसले होते आणि पानांची पार चाळण करत होते. खात्याचा नियम सरळ होता: भुंगेरे पाचशेच्या वर गेले की झाडं तोडायची, नाहीतर औषध फवारून भागवायचं. पण मोजायचे कसे? तर पन्नासांच्या पाठीवर ठिपका देऊन त्यांना परत सोडायचं, आठवड्याने कुठलेही चाळीस पकडायचे आणि त्यांत ठिपकेवाले किती ते बघायचं. ठिपकेवाले थोडेच सापडले, तर समजायचं की बाकीच्यांचं रान माजलंय.

अडचण एकच होती. ही झाडं सासरेबुवांनी स्वतःच्या हाताने लावली होती. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हे मास्तर दोन मित्रांना घेऊन रोज त्यांच्याच सावलीतल्या बाकावर बसत.

"जावईबापू, जरा सांभाळून मोजा," ते जेवताना म्हणाले.

"बाबा, मोजणी म्हणजे मोजणी. मी खोटा आकडा लिहिणार नाही."

"छे छे, खोटं कोण म्हणतंय? बरं, ठिपकेवालेच जास्त सापडले तर?"

"तर भुंगेरे कमी. झाडं वाचली."

"अस्सं!" म्हणत मास्तरांनी भात वाढून घेतला. जावयाला तिथेच संशय यायला हवा होता, पण त्याचं सगळं लक्ष ताटात होतं.

आठवड्याने त्याने चाळीस भुंगेरे पकडून डबीत घातले. पहिल्याच्या पाठीवर लाल ठिपका. दुसऱ्याच्याही. त्याला फार आनंद झाला. दहावाही लाल निघाला, तेव्हा तो चपापला. अकरावा गुलाबी होता. पंधराव्याला तर चमकी होती. चाळिसांतले अडतीस जण नटूनथटून आले होते, दोघेच काय ते साधे.

"बाबा!"

बाकावरचे तिन्ही म्हातारे एकदम आभाळ बघू लागले. एकाचा अंगठा गुलाबी होता.

"हा पकडायचा, तो ठिपका द्यायचा, मी फुंकर मारायचो," मास्तरांनी शेवटी कबूल केलं. "वाळल्याशिवाय एकालाही सोडला नाही हो!"

"आणि चमकी?"

"ती तुमच्या बायकोने दिली."

"अहो, सगळी मोजणी मातीत घातलीत! आज संध्याकाळी अहवाल द्यायचाय. नाही दिला, तर झाडं तोडायचाच हुकूम निघेल."

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी मान वर करून झाडाकडे पाहिलं आणि चष्मा काढून उगाचच पुसला. जावयाला राग आला होता, पण वाईटही वाटलं.

"किती रंगवलेत?" त्याने काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

मास्तरांनी पिशवीतून लांबडी वही काढली. पस्तीस वर्षं वर्गाची हजेरी घेतलेला माणूस, तो भुंगेऱ्यांना बिनहजेरीचं कसं सोडणार? तारीख, झाडाचा क्रमांक, रंग, संख्या, सगळं सुवाच्य अक्षरात होतं.

"चारशे पंचवीस. आधीचा ठिपका असलेला एकही पुन्हा रंगवलेला नाही."

जावई मटकन बाकावर बसला. चारशे पंचवीस आणि त्याचे स्वतःचे पन्नास, म्हणजे चारशे पंच्याहत्तर. एकूण ठिपके किती हे नक्की ठाऊक असलं, की ते कोणी लावले याच्याशी गणिताला काय करायचंय? उलट ठिपके जितके जास्त, तितकी मोजणी पक्की. चाळिसांत ठिपकेवाले अडतीस, तर चारशे पंच्याहत्तर ठिपकेवाले एकूण कितींत? त्याने वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले आणि दोनदा तपासले.

"किती?" तिघांनीही श्वास रोखून धरले होते.

"बरोबर पाचशे."

"म्हणजे पाचशेच्या वर नाहीत?"

"एकसुद्धा नाही!"

मास्तरांनी जावयाला मिठीच मारली. मित्रांनी टाळ्या पिटल्या. जावयाने तिथेच अहवाल लिहिला, तीन ज्येष्ठ स्वयंसेवकांचे आभारही मानले आणि खाली सही करणार, तेवढ्यात एक भुंगेरा टपकन कागदावर पडला. पाठ कोरी करकरीत.

"पाचशे एकावा?" एक मित्र कुजबुजला. मास्तरांनी चष्मा चढवला, वही उघडली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शांतपणे बोट फिरवलं.

"हा आमच्या वर्गातला नाही," म्हणत त्यांनी त्याला चिमटीत धरून डबीत टाकलं. "तुम्ही सही करा."